साइटवर ‘जवळचा डीलर शोधा’ नकाशा लावायचाय? आधी यादीकडे बघा

एकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतीपंप बनवणारी एक मध्यम कंपनी, पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाड्याचा थोडा भाग आणि गोवा मिळून दीडशे-दोनशे डीलर आणि सर्व्हिस सेंटर, साइट वर्डप्रेसवर, होस्टिंग साधं शेअर्ड, आणि मालकांना साइटवर ‘जवळचा डीलर शोधा’ असा, सेवेप्रमाणे फिल्टर करता येणारा नकाशा हवाय. गूगल घ्यावं की फुकटवालं, प्लगइन कुठलं टाकावं, खर्च किती येतो, आणि गूगल मॅप लावला की कार्डातून पैसे उडत राहतात असं कुणीतरी सांगितलंय ते खरंय का.

सगळ्याचं उत्तर देतो पण क्रम बदलून देतो, कारण नकाशा कुठला हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि खरं तर सगळ्यात सोपा आहे, अर्ध्या दिवसाचं काम आहे ते. हे प्रोजेक्ट जिथं फसतात ना ते डीलरच्या यादीत फसतात. आणि ती यादी तुमच्याकडे तयार आहे असं मालकांना वाटत असतं, अकाउंट्सवाले एक एक्सेल पाठवून देतात आणि म्हणतात घ्या, सगळे पत्ते आहेत यात. त्या एक्सेलमधे असतो जीएसटीचा पत्ता. आता जीएसटीचा पत्ता म्हणजे कधी गोडाऊन, कधी मालकाचं घर, कधी वडिलांच्या नावावरचा गाळा जो पाच वर्षांपूर्वी भाड्यानं दिलाय. तिथं पिन टाकलीत तर जळालेली मोटार टेम्पोत घालून शेतकरी डीलरच्या घरी जाऊन उभा राहतो. बिलिंगचा पत्ता आणि दुकानाचा पत्ता हे दोन वेगळे कॉलम पाहिजेत, पहिल्या दिवसापासून.

दुसरं, आपल्याकडचे पत्ते. ‘एसटी स्टँडसमोर, मेन रोड, मु. पो. अमुक, ता. तमुक’ हा माणसाला पुरेसा पत्ता आहे, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, पण जिओकोडर म्हणजे जे पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढून देतं त्याला यातलं फक्त गावाचं नाव कळतं आणि ते गावाच्या मध्यावर पिन ठोकून मोकळं होतं. गूगलचा जिओकोडर उत्तराबरोबर हे सांगतोही, की हे रूफटॉप म्हणजे इमारतीपर्यंत नक्की आहे की अप्रॉक्सिमेट म्हणजे आपलं अंदाजपंचे, पण तो शेरा बघतो कोण, दोन आकडे मिळाले की सगळे खूश. मग एका तालुक्याच्या गावातले चार डीलर एकाच बिंदूवर एकावर एक बसतात आणि नकाशावर एकच दिसतो. पत्ते मशीनमधून काढलेच असतील तर एक काम लगेच करा, शीटमधे सारखे अक्षांश-रेखांश असलेल्या ओळी शोधा, जेवढ्या सापडतील तेवढ्या सगळ्या संशयित.

शिवाय इथं एक कायदेशीर गोष्टही आहे जी फार कमी लोक वाचतात. गूगलच्या अटींप्रमाणे त्यांच्या जिओकोडरनं दिलेले अक्षांश-रेखांश तुम्ही तुमच्याकडे कायमचे साठवून ठेवू शकत नाही, ३० दिवसांची मर्यादा आहे, कायम ठेवता येते ती फक्त प्लेस आयडी, म्हणजे गूगलनं त्या ठिकाणाला दिलेली ओळखखूण. आणि गूगलकडून काढलेली ठिकाणं दुसऱ्या कुणाच्या नकाशावर दाखवायलाही परवानगी नाही. म्हणजे ‘पत्ते एकदा गूगलवरून काढू, मग फुकटच्या नकाशावर लावू’ हा जो सगळ्यांना सुचणारा जुगाड आहे तो नियमात बसत नाही.

त्यापेक्षा सरळ मार्ग असा की ठिकाण डीलरकडूनच घ्या. दुकानात उभं राहून व्हॉट्सॲपवर करंट लोकेशन पाठवायला सांगा, लाइव्ह लोकेशन नको, ते थोड्या वेळानं संपतं. सोबत दुकानाच्या पाटीचा फोटो मागवा. फोटो का, तर लोकं लोकेशन रात्री घरी बसून पाठवतात, हे अगदी ठरलेलं आहे, आणि दुकान उघडं असताना काढलेला फोटो मागितला की आपोआप दुकानातूनच पाठवलं जातं. तोच फोटो पुढं साइटवरही वापरता येतो, गिऱ्हाईक पाटी बघून दुकान ओळखतं. तुमचे सेल्सवाले तसेही महिन्याकाठी फिरतात, त्यांच्याकडून करून घेतलंत तर अजून बरं. दीडशे-दोनशे दुकानं म्हणजे काही फार नाहीत, एका राउंडमधे होतात. अशी गोळा केलेली माहिती तुमची स्वतःची, ती कुठल्याही नकाशावर लावा, कुणाच्या अटी आड येत नाहीत.

आकडे आले की तपासणी, आणि ही नजरेनं करू नका, शीटमधे सूत्र लावून करा. महाराष्ट्र आणि गोवा धरून अक्षांश साधारण १४.८ ते २२.१ मधे आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ मधे यायला पाहिजे, याच्या बाहेरचं सगळं लाल करा. सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे दोन्हीची अदलाबदल. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८५ उलटे टाकलेत तर पुणं जाऊन पडतं नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या खाली. हसू येतं पण याला कारण आहे, लीफलेट (नकाशा दाखवायची फुकट लायब्ररी) आधी अक्षांश मागतं आणि जिओजेसन म्हणजे ठिकाणं साठवायच्या फाइलमधे आधी रेखांश असतो, मायएसक्यूएल डेटाबेसच्या अंतर काढायच्या फंक्शनलाही पॉइंट देताना आधी रेखांश द्यायची पद्धत, त्यामुळे चांगले चांगले डेव्हलपर यात गोंधळतात. दुसरा घोळ जास्त वाईट कारण तो पटकन दिसत नाही. कुणीतरी जुन्या जीपीएसवरून १८ अंश ३१ मिनिटं असं वाचून दाखवतं आणि टाइप करणारा १८.३१ टाकतो. मिनिटं म्हणजे दशांश नव्हे, १८ अंश ३१ मिनिटं म्हणजे १८.५२ होतात. फरक पडला २३ किलोमीटरचा, पिन महाराष्ट्रातच राहिली, सूत्रानं पकडली नाही. यासाठी दुसरी चाचणी लावा, की डीलरचा पिन आणि त्याच्या तालुक्याचं गाव यात अंतर किती, २५-३० किलोमीटरच्या वर गेलं की आधी ती ओळ बघा, आणि थोडं कमी असलं तरी एकदा पाटीचा फोटो नि नकाशा शेजारी ठेवून बघा. दशांशानंतर पाच आकडे ठेवा, तेवढ्यात साधारण एक मीटरपर्यंत अचूक येतं, दुकानाला याहून जास्त लागत नाही. हो, आणि एक्सेलमधून सीएसव्ही काढताना यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात, आणि मोबाइल नंबरचा कॉलम टेक्स्ट करून ठेवा.

आता शोध. इथं जरा थांबून विचार करा की शोधणार कोण आहे. शहरातला माणूस बुटांचं दुकान शोधताना पिनकोड टाकेल, एरियाचं नाव टाकेल. तुमचं गिऱ्हाईक विहिरीवर उभं आहे, मोटार जळालीय, पाणी पाळीचं चाललंय, त्याला आजच्या आज रिवाइंडिंग करून देणारा पाहिजे. तो टाकतो तालुका. म्हणून मी शोधासाठी गूगलचं ऑटोकम्प्लीट म्हणजे टाइप करता करता ठिकाणं सुचवणारी सेवा लावतच नाही अशा साइटला, त्याचा खर्च नकाशाच्या वेगळा, आणि ते भलतीच ठिकाणं सुचवतं. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत, गोव्यात १२, एवढ्या नावांची एक छोटी फाइल बनवा, प्रत्येक तालुक्याच्या गावाचे अक्षांश-रेखांश त्यात, झालं, टाइप करायला लागलं की त्या फाइलमधून सुचवायचं. बाहेर कुणाला विचारायलाच जायचं नाही, नेट स्लो असलं तरी झटकन येतं आणि फुकट.

पण नावांची फाइल बनवताना सारख्या नावांचं बघा. खेड म्हटलं तर रत्नागिरीतलं की राजगुरुनगरवालं? कर्जत रायगडात पण आहे आणि अहिल्यानगरात पण. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचं, कळंब धाराशिवचं आणि यवतमाळचं, शिरूर पुण्यात, शिरूर कासार बीडमधे, शिरूर अनंतपाळ लातुरात. म्हणून सुचवताना तालुक्यापुढं जिल्हा लिहायचाच, पर्याय नाही. आणि जुनी नावं काढू नका. अहमदनगर, औरंगाबाद, उस्मानाबाद टाइप करणारी माणसं अजून पुष्कळ आहेत, पडद्यावर नवीन नाव दिसू दे पण जुनं टाकलं तरी सापडलं पाहिजे. प्रत्येक नावापुढं एक कॉलम ठेवायचा पर्यायी नावांचा, त्यात जुनं नाव, रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं, ऱ्हस्व-दीर्घाचे प्रकार, शिरुर नि शिरूर दोन्ही. कराड आणि कऱ्हाड दोन्ही. आणि त्या कऱ्हाडमधली अजून एक गंमत म्हणजे तो अर्धा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो, दिसायला सगळे सारखे पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे शब्द, त्यामुळे तुलना करायच्या आधी दोन्हीकडचा मजकूर युनिकोड नॉर्मलाइझ करून घ्या, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे प्रकार एका रूपात आणा, आणि मधले अदृश्य जोडअक्षरवाले कॅरेक्टर काढून टाका. नॉर्मलाइझ करूनही एखादा प्रकार वेगळा उरला तर तो सरळ पर्यायी नावांत टाकायचा. हे केलं नाही की ‘सापडत नाही’ अशी तक्रार येते आणि तुमच्या मशीनवर मात्र व्यवस्थित सापडत असतं.

पिनकोडही ठेवा पण त्याच्यावर हुशारी करू नका. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी, संस्कृतचे मोठे पंडित, पण त्यांनी तो बसवला टपालाच्या वर्गीकरणासाठी, अंतर मोजण्यासाठी नाही. बऱ्याच साइट्स काय करतात, पहिले तीन आकडे जुळले की जवळचं दुकान समजतात. ४१५ घ्या. सातारा ४१५ आणि चिपळूण, रत्नागिरी पण ४१५, मधे अख्खा सह्याद्री. ४१६ मधे कोल्हापूर, सांगली आणि तिकडं कुडाळ-सावंतवाडी. मिरजेच्या माणसाला तीन आकड्यांवरून तुम्ही सावंतवाडीचा डीलर दाखवणार. पूर्ण सहा आकडे घ्या, टपाल खात्याची पिनकोड डिरेक्टरी सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर मिळते, त्यावरून गाव किंवा तालुका काढा आणि पुढं नेहमीच्या अंतराच्या हिशोबानं जा.

अंतराचा हिशोब म्हणजे हॅव्हरसाइन सूत्र, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून दोन बिंदूंमधलं सरळ अंतर. दोनशे दुकानांसाठी डेटाबेसमधे हे करायची काही गरज नाही, सगळी यादी एका जेसन फाइलमधे (साध्या मजकुराची डेटा फाइल) पाठवा, थोड्याच केबीत बसते ती, आणि ब्राउझरमधेच हिशोब करा, जुन्या फोनवरसुद्धा कळत नाही कधी झालं ते. हजारोंच्या घरात गेलात की मग डेटाबेस, स्पेशियल म्हणजे ठिकाणावरून शोधायचा इंडेक्स वगैरे.

पण सरळ अंतर कोकणात दगा देतं, आणि तुमचे डीलर तिथं आहेत म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. दाभोळ आणि धोपावे बघा, समोरासमोर आहेत, मधे वाशिष्ठीची खाडी, फेरी बोटीनं गाडीसकट पलीकडं जाता येतं पण फेरी चुकली की रस्त्यानं मोठा वळसा. सूत्र दोन्हीकडच्या माणसाला पलीकडचं दुकान सगळ्यात जवळचं म्हणून दाखवणार. जयगड आणि तवसाळचं पण तेच. घाटात तर विचारू नका, महाड आणि भोर सरळ रेषेत काहीच नाही, पण मधे वरंधा घाट, आणि पावसाळ्यात तो बंद असला की तुमचा ‘जवळचा डीलर’ दुसऱ्या जगात गेला. उपाय असा करतो मी: सरळ अंतरानं फक्त पहिले पाच-सहा निवडायचे, आणि त्यांचंच रस्त्याचं अंतर गूगलच्या रूट्स एपीआयकडून (एपीआय म्हणजे आपल्या साइटनं दुसऱ्याच्या सेवेकडून माहिती मागवायची सोय) किंवा ओएसआरएम हे रस्ते काढून देणारं फुकट सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवून काढायचं. ओएसआरएमचा जो सार्वजनिक डेमो सर्व्हर आहे तो धंद्याच्या साइटला लावू नका, तो त्यासाठी नाही. आणि हे सगळं नको असेल, बजेट नसेल, तर अजून साधं: शीटमधे एक कॉलम ‘हा डीलर कुठल्या तालुक्यांना सेवा देतो’. तुमच्या सेल्सवाल्यांना ते तोंडपाठ असतं, कुठल्या गावचा माणूस कुठल्या बाजाराला जातो ते कुठलंही सूत्र त्यांच्याइतकं सांगू शकत नाही. त्या कॉलमला वरचं स्थान द्यायचं, अंतर दुसऱ्या नंबरला. पंपाच्या धंद्यात मला तरी हाच पर्याय सगळ्यात पटतो, डीलरच्या हद्दीवरून होणारी भांडणंही यानं कमी होतात.

आता नकाशाकडे येऊ.

फक्त दहा-वीस ठिकाणं असती आणि शोध नको असता तर मी म्हटलं असतं गूगल माय मॅप्स उघडा, शीट आत घ्या, त्याची आयफ्रेम म्हणजे तयार चौकट आपल्या पानात चिकटवा, विषय संपला. पण तुम्हाला शोध हवाय, सेवेप्रमाणे फिल्टर हवाय, तेव्हा ते पुरणार नाही. उरले दोन रस्ते.

एक म्हणजे गूगल. पैशाची भीती जी तुम्ही ऐकलीय ती २०१८ची, तेव्हा त्यांनी एपीआय की (सेवा कोण वापरतंय ते ओळखायचा तुमच्या नावाचा कोड) आणि कार्ड सक्तीचं केलं आणि बऱ्याच साइट्सवर रातोरात करड्या रंगाचे नकाशे दिसायला लागले. तेव्हापासून दर महिन्याला २०० डॉलरचं क्रेडिट होतं, ते मार्च २०२५पासून गेलं आणि त्याच्या जागी प्रत्येक सेवेला वेगवेगळा फुकट कोटा आला. साध्या नकाशाच्या गटाला जगभरात महिन्याला १० हजार लोड (म्हणजे नकाशा तेवढ्या वेळा उघडणं) फुकट, आणि भारतातला बिलिंग पत्ता असेल तर ७० हजार, दरही भारतासाठी ऑगस्ट २०२४पासून बरेच कमी केलेत आणि बिल रुपयात येतं. तुमच्या साइटला महिन्याला ७० हजार लोक डीलर शोधत असतील तर तुम्हाला नकाशाच्या बिलाची चिंता करायची गरज नाही, पंप विकले जातायत. पण हे आकडे बदलत राहतात, लावायच्या दिवशी त्यांचं दराचं पान स्वतः उघडून बघा.

दुसरा रस्ता लीफलेट. व्होलोदिमिर अगाफोन्किन नावाच्या युक्रेनियन माणसानं २०११मधे काढलेली छोटीशी लायब्ररी, फुकट, हलकी, आणि दोनशे पिनांना पुरून उरते. पण लीफलेट म्हणजे नकाशा नाही हे नवीन लोकांना कळत नाही, ती फक्त चौकट, आतले तुकडे म्हणजे टाइल्स कुठून तरी आणाव्या लागतात. सगळे जण ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या फुकटच्या नकाशाच्या, सर्व्हरचा पत्ता चिकटवतात. तो सर्व्हर देणग्यांवर चालतो, थोड्या वापराला चालतं, श्रेय द्यावं लागतं, पण सेवेची हमी काही नाही आणि जास्त लोड दिलात तर बंद करू शकतात. त्यांची शोधसेवा नॉमिनॅटिम तर सेकंदाला एकच विनंती घेते आणि टाइप करता करता सुचवायला ती वापरायला स्पष्ट मनाई आहे. धंद्यासाठी टाइल्स विकत देणाऱ्या कंपन्या आहेत, मॅपमायइंडियाचं मॅपल्स आहे, ओला मॅप्स २०२४ला आलं, त्यातलं काहीतरी घ्या.

आणि इथं एक गोष्ट जी परदेशी ट्युटोरियलमधे कधीच नसते. देशाची सीमा. ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या टाइल्समधे जम्मू-काश्मीरची रेषा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे दाखवलेली असते, आणि आपल्याकडे १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्तीप्रमाणे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. गूगल भारतातून उघडलं की भारताची रेषा दाखवतं, तरी लोड करताना प्रदेश म्हणून भारत सांगून ठेवा. भारतीय कंपन्यांचे नकाशे बरोबर असतात. आणि ओपनस्ट्रीटमॅपच वापरायचं असेल तर नकाशाला महाराष्ट्र-गोव्याची चौकट आणि कमीत कमी झूम घालून टाका, तुमचे डीलर तिथंच आहेत, अख्खा देश दाखवायचं कारणच काय.

तुमच्यासाठी माझं मत: गूगल घ्या. फुकट कोट्यात बसताय, आणि महत्त्वाचं म्हणजे तुमचं गिऱ्हाईक तोच नकाशा रोज फोनमधे बघतं.

फक्त की सांभाळा. ब्राउझरसाठी एक की, तिच्यावर तुमच्या डोमेनचं बंधन, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याच्याशिवाय दोन्ही, आणि फक्त नकाशाचीच एपीआय चालू. सर्व्हरवरून काही मागत असाल तर त्याची दुसरी की, तिच्यावर तुमच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याचं बंधन. मोकळी सोडलेली की लोक उचलतात आणि स्वतःच्या साइटला लावतात, बिल तुम्हाला. आणि हे नीट ऐका, बजेट अलर्ट म्हणजे फक्त ईमेल येतो, खर्च थांबत नाही. थांबवायचा असेल तर कोट्यात जाऊन दिवसाची मर्यादा घालावी लागते. ती घाला, फुकटात बसेल एवढीच. कार्डातून पैसे उडतात ते ज्यांनी हे केलेलं नसतं त्यांचे.

प्लगइन विचारलंत. वर्डप्रेसमधे डब्ल्यूपी स्टोअर लोकेटर हे जुनं आणि ठीकठाक आहे, ब्राउझर आणि सर्व्हर अशा दोन कीज वेगळ्या मागतं हेच त्याचं चांगलं लक्षण. पण त्याचा नेहमीचा शोध गूगलच्या जिओकोडरवर चालतो, तालुक्याची आपली फाइल, पर्यायी नावं, सेवेचे तालुके हे सगळं त्यात बसवायला कोड लिहावाच लागेल. डेव्हलपर हाताशी असेल तर सरळ एक कस्टम पोस्ट टाइप (वर्डप्रेसमधे डीलरच्या नोंदींसाठी वेगळा प्रकार), एक जेसन आणि दोनशे-तीनशे ओळींची जावास्क्रिप्ट, हे प्लगइनशी मारामारी करण्यापेक्षा लवकर होतं. नसेल तर प्लगइन लावा आणि चालू करा, नसण्यापेक्षा बरं. आणि गूगलची जुनी उदाहरणं कॉपी करणार असाल तर बघून घ्या, साधा मार्कर फेब्रुवारी २०२४पासून जुना ठरवलाय, नवीन ॲडव्हान्स्ड मार्कर वापरा, त्याला मॅप आयडी लागतो, तो दिला नाही की पिना दिसतच नाहीत आणि माणूस दिवसभर डोकं आपटत बसतो.

पानाची मांडणी. मोबाइलवर आधी यादी, नकाशा तिच्या खाली किंवा बटणामागे. मालकांना नकाशा मोठा पाहिजे असतो, मीटिंगमधे लॅपटॉपवर भारी दिसतो, पण गिऱ्हाईक चार इंची-सहा इंची फोनवर उन्हात उभं असतं आणि त्याला पाहिजे असतो फोन नंबर. म्हणून प्रत्येक डीलरच्या कार्डावर सगळ्यात मोठं बटण कॉलचं, मग व्हॉट्सॲप, मग रस्ता दाखवा. रस्ता दाखवायला कुठलीही एपीआय लागत नाही, गूगल मॅप्सच्या साध्या लिंकमधे अक्षांश-रेखांश घातले की फोनमधलं ॲप उघडतं, फुकट. विक्री करतो की दुरुस्ती पण करतो, सबमर्सिबल की ओपनवेल, स्टार्टर-पॅनेल ठेवतो का, हे कार्डावर दिसू दे. साप्ताहिक सुट्टी लिहा, ती गावागावाला वेगळी, आणि दुपारी बंद असणारं दुकान असेल तर वेळा दोन तुकड्यांत लिहा, पुण्याचा विनोद करत नाहीये, निमशहरी भागात खरंच बरीच दुकानं जेवायला बंद होतात आणि माणूस वीस किलोमीटरवरून येऊन शटरसमोर बसतो.

नकाशा पान उघडल्या उघडल्या लोड करू नका, नकाशा बघा असं बटण दाबल्यावर करा, पान हलकं राहतं आणि फुकट कोटाही वाचतो. आणि स्क्रोल करताना बोट नकाशात अडकतं तो प्रकार टाळायला दोन बोटांनीच नकाशा हलेल अशी सेटिंग लावा, गूगलमधे तिला कोऑपरेटिव्ह म्हणतात.

‘माझं लोकेशन वापरा’ हे बटण ठेवा पण पान उघडताच परवानगी मागू नका, लोकं घाबरून नाही म्हणतात आणि एकदा नाही म्हटलं की ब्राउझर परत विचारत नाही. साइटला एचटीटीपीएस पाहिजेच, क्रोमनं २०१६पासून त्याशिवाय लोकेशन देणं बंद केलंय. आणि डेस्कटॉपवर बऱ्याचदा लोकेशन इंटरनेट कंपनीच्या पत्त्यावरून निघतं, लातुरातल्या माणसाला मुंबईचे डीलर दिसतात, म्हणून यादीच्या वर ‘तुमचं ठिकाण अमुक, बदला’ हे कायम दिसलं पाहिजे. लोकेशन हिशोबापुरतं ब्राउझरमधेच वापरा, सर्व्हरवर साठवू नका, २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहे आणि तसंही तुम्हाला ते साठवून काही करायचं नाहीये.

प्रत्येक डीलरचं स्वतःचं एक छोटं पान करा, साध्या मजकुरात पत्ता, वेळा, फोन, आणि मागे लोकल बिझनेसचं स्कीमा, म्हणजे हीच माहिती सर्च इंजिनला कळेल अशा कोडमधे. कारण लोक तुमच्या साइटवर येऊन शोधत नाहीत, ते गूगलवर ‘अमुक पंप डीलर इस्लामपूर’ असं टाकतात, आणि नुसत्या जावास्क्रिप्टच्या नकाशातले दोनशे डीलर म्हणजे गूगलच्या लेखी फार तर एक पान. डीलरला स्वतःचं गूगल बिझनेस प्रोफाइल काढून द्यायला सेल्सवाल्यांनी मदत केली तर त्याचा फायदा लोकेटरपेक्षा जास्त होईल असं मला वाटतं, पण ते मालकांना सांगताना जरा जपून, त्यांना नकाशा पाहिजे आहे.

शेवटचं, यादी ताजी ठेवणं. शीटमधे ‘शेवटची खात्री कधी केली’ ही तारीख ठेवा, सहा महिन्यांच्या वर गेली की त्या भागाच्या सेल्सवाल्याला आपोआप मेल. डीलरशिप सुटली तर ओळ उडवू नका, बंद अशी खूण करा आणि त्याच्या पानावरून जवळच्या चालू डीलरकडे पाठवा, जुन्या लिंका वर्षानुवर्षं फिरत असतात. आणि शोधलं पण काहीच मिळालं नाही अशी तालुक्यांची नावं मोजून ठेवा, फक्त नाव आणि संख्या, माणसाची काही माहिती नको. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने ही यादी साचू द्या आणि मग सेल्सच्या मीटिंगमधे ठेवा, पुढचा डीलर कुठं नेमायचा यावर तिथं खरी चर्चा सुरू होते. कामाची सुरुवात एका जिल्ह्यानं करा, सांगली घ्या किंवा सातारा, त्यातले सगळे डीलर पक्के झाले, पाच-सहा गावांतून शोधून बघितलं, की मग बाकीचे जिल्हे जोडत जा, आणि कोकण सगळ्यात शेवटी, तिथल्या सेवेच्या तालुक्यांचा कॉलम भरून झाल्याशिवाय चालू करू नका.